मॅकरोनीचा मान

माझ्या सासरी मला पहिलं काम मिळालं ते बर्फ आणण्याचं. पुढं बढती झाली आणि कागदी प्लेट्स आल्या. कॉम्प्युटर सायन्समधली मास्टर्स डिग्री, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला बरी नोकरी, माहेरी नागपुरात काकूनं चार बायकांसमोर दिलेलं "पोरीच्या हाताला चव आहे" हे प्रशस्तिपत्र, आणि रविवारच्या जेवणाला मी काय न्यायचं, तर दुकानातून आणलेलं प्लेट्सचं पुडकं! राग माझ्या नाकावरच असतो असं आई म्हणते. त्या दिवसांत तो तिथं बिऱ्हाड करून राहिला होता.

माझं सासर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातलं. म्हणजे सासू-सासरे दोघंही लहानपणीच आपापल्या आईवडिलांबरोबर तिथून न्यू जर्सीत आले, इथंच वाढले, इथंच नोकऱ्या करून निवृत्त झाले. पण सासूबाईंचं स्वयंपाकघर काही जॉर्जियातून हललं नाही. नवरा मला स्टेट कॉलेजला भेटला, दोघंही शिकत होतो तेव्हा. आमचं ठरल्यावर त्यानं मला घरच्या मंडळींबद्दल खूप काही सांगितलं, कोण प्रेमळ, कोण तिरसट, कोणाला काय बोलायचं नाही. जेवणाबद्दल मात्र एकच वाक्य बोलला होता, "जे वाढतील ते खा आणि काही करायला मागू नकोस." मी त्याकडे दुर्लक्ष केलं. मला वाटलं, पाहुणीला कामाला लावायला संकोचत असतील. आपल्याकडे नाही का, आग्रह केल्याशिवाय कोणी कांदासुद्धा चिरायला देत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चहून आल्यावर सगळं खानदान सासूबाईंच्या घरी जेवतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या टेबलापाशी उभी राहिले आणि माझे डोळेच फिरले. तळलेल्या चिकनचा ढीग, कवच इतकं कुरकुरीत की शेजारच्यानं दात लावला तरी आपल्याला ऐकू यावं. लोण्या-साखरेत मऊ झालेली रताळी. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी, आणि ती भेंडी बघून मला जो काही आनंद झाला तो मी कसा सांगू! परक्या गावात आपल्या शाळेतली मैत्रीण दिसावी तसं झालं. तिच्या शेजारी चवळी. होय, आपली चवळी, काळ्या डोळ्याची, मंद आचेवर शिजून दाटसर झालेली. आणि कॉलर्ड नावाची पालेभाजी, कोबीच्या बाहेरच्या पानांसारखी जाड पानं, टर्कीच्या धुरावलेल्या तुकड्याबरोबर तासन्‌तास उकळलेली. तिचा जो हिरवट रस खाली उरतो, तो मी वाटीत घेतला, त्यात कॉर्नब्रेड कुस्करला आणि हातानं कालवून खायला लागले. आमटीत भाकरी चुरावी तसंच अगदी, विचारबिचार न करता. मान वर केली तर सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी बोटं वाटीतून बाहेर काढली. तेवढ्यात सासरे म्हणाले, "हिला हे कोणी शिकवलं? माझी आजी असंच खायची." त्या दिवसापासून सासरे माझ्या बाजूचे.

पण त्या टेबलाचा राजा वेगळाच होता. मधोमध, मोठ्या आयताकृती भांड्यात, ओव्हनमधून काढलेली मॅकरोनी अँड चीज. डब्यातून किंवा पाकिटातून निघते ती पातळ पिवळी नव्हे. ही थरांवर थर देऊन भाजलेली, वर तांबूस खरपूस साय, आत चमचा घातला की वाफ आणि चीजच्या लांबच लांब तारा. मी आयुष्यात आधी मॅकरोनी खाल्ली होती असं मला वाटत होतं. तो पहिला घास घेतल्यावर ते माझं मत मी मागे घेतलं.

पण तो घास घ्यायच्या आधी, मी वाढून घ्यायला हात पुढं करणार एवढ्यात, माझ्या मागच्या मावशींनी, म्हणजे सासूबाईंच्या मोठ्या बहिणीनं, मोठ्यांदा विचारलं, "मॅकरोनी कुणी केली?" सासूबाई म्हणाल्या, "मीच." मग मावशींनी वाढून घेतली. पुढं प्रत्येक वेळी मी हे ऐकलं. वर्षानुवर्षं सासूबाईच करतात हे सगळ्यांना माहीत, तरी कोणीतरी विचारणारच. एका चुलत सुनेनं पूर्वी कधीतरी हौसेनं करून आणली होती, वरून बटाट्याच्या चिप्सचा चुरा पसरून. लोकांनी उत्तर ऐकलं आणि चमचे परत खाली ठेवले. त्या बिचारीला आजही फक्त सोड्याच्या, म्हणजे कोकबिकच्या, बाटल्या आणायला सांगतात. तिची मुलं आता कॉलेजात आहेत.

हे सगळं मला नवऱ्यानं घरी येताना गाडीत समजावलं. त्या घरात पदार्थ मागून मिळत नाही, तो दिला जातो. आधी बर्फ, मग प्लेट्स, मग सोडा, मग फार तर दुकानातला केक. कोणी कॉर्नब्रेड सांगितला तर तुमचं बरं चाललंय. आणि मॅकरोनी? "मॅकरोनी ममाची आहे," तो म्हणाला, जसं काही घराची मालकी सांगतोय.

खरं सांगायचं तर मला हे चटकन कळलं, कारण आमच्याकडे पुरणपोळीचं हेच आहे. होळीला काकूच्या हाताखाली घरातल्या सगळ्या सुना. एक लिंबाच्या फोडी करणार, एक कोशिंबीर कालवणार, एक तूप कढवणार. पुरणाला हात फक्त काकूचा. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तीही लिंबंच चिरत बसली होती म्हणे, आणि ज्या वर्षी काकूनं तिच्यापुढं पुरणाचं पातेलं सरकवलं त्या वर्षी आपण खऱ्या अर्थानं त्या घरच्या झालो असं ती अजून सांगते. तेव्हा बर्फ म्हणजे काय आणि प्लेट्स म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मला ती मॅकरोनी हवी होती. मला त्या टेबलावर, त्या प्रश्नाला, माझं नाव उत्तर म्हणून हवं होतं.

मग मी जिवाचं रान केलं. आधी सासूबाईंना कृती विचारली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नीट दिसेपर्यंत करायची, हनी." किती चीज? "पुरेसं." किती वेळ? "रंग येईपर्यंत." मला वाटलं, मी काकूशीच बोलतेय. एवढं मात्र हाती लागलं की त्या घराण्यात अंडं घालणारे आणि न घालणारे असे दोन तट आहेत आणि सासूबाई न घालणाऱ्यांतल्या. लोण्यावर मैदा परतून दूध घालायचं, चीज पाकिटातलं किसलेलं चालणार नाही, स्वतः किसायचं, आणि मोहरीची पूड चिमूटभर, बोटांत मावेल तेवढीच.

सबंध हिवाळा मी आमच्या छोट्या स्वयंपाकघरात मॅकरोनी केली. पहिल्या वेळी मैद्याच्या गुठळ्या झाल्या. नंतर चीजला तेल सुटलं. एकदा सगळं जमून आलं होतं आणि माझा नागपुरी हात आवरला नाही, हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर पडली. नवऱ्यानं दोनदा वाढून घेतली आणि तोंड पुसत म्हणाला, "यार, मस्त आहे. पण ही ममाच्या घरी नेऊ नकोस, प्लीज." 'यार' त्यानं माझ्याकडूनच उचललाय. मी त्याच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, मग पुन्हा चीज किसायला घेतलं. हिवाळा संपता संपता त्याच्या पँटी घट्ट झाल्या आणि माझी मॅकरोनी, माझी मीच म्हणते, फक्कड जमायला लागली.

ईस्टरच्या आधी सासूबाईंच्या मनगटाचं छोटंसं ऑपरेशन झालं. हात बांधलेला, जड भांडं उचलायची बंदी. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि फोन आला. त्यांचा फोन मी कधी टाळत नाही, म्हणून बाहेर आले.

"ऐक, बेबी," त्या म्हणाल्या, "ईस्टरला मॅकरोनी तू आण."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"या वेळेपुरती हं," त्या पुढं म्हणाल्या. "माझी बहीण म्हणत होती ती करते. पण तिचा हात मिठाला सढळ आहे."

"येस मॅम," मी म्हटलं, फोन ठेवला आणि त्या कॉरिडॉरमध्ये अशी काही उडी मारली की समोरच्या केबिनमधला माणूस उठून उभा राहिला. आत जाऊन मी उरलेली मीटिंग कशी केली, मला आठवत नाही. डोक्यात एकच: या वेळेपुरती तर या वेळेपुरती, पण अशी करीन की पुढच्या वेळी त्यांना दुसरं कोणी सुचताच कामा नये!

आई तेव्हा आमच्याकडे आली होती, सहा महिन्यांसाठी. तिला मी नाचत नाचत सांगितलं. तिला आधी कळेना की नूडल्ससारख्या दिसणाऱ्या प्रकारासाठी एवढी मोठी बाई एवढी का हुरळली. मी म्हटलं, "आई, पुरणाचं पातेलं आलंय माझ्यापुढं." त्यासरशी तिनं कमरेला पदर खोचला. "बाप्पा! मग आधी नाही का सांगायचं!"

ईस्टरच्या सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी चीज किसतेय, आई दूध ढवळतेय. सॉस जमून आला, मी मोहरीची पूड घातली आणि चव बघायला चमचा तोंडाकडे नेला, तर आईनं माझा हातच धरला.

"काय करून राहिलीस? उष्टं करतेस?"

"आई, इथं सगळे चव बघतात. सासूबाई तर तळहातावर घेऊन बघतात."

"बघू देत त्यांना. आपल्याकडे बघत नाहीत."

वाद घालायला वेळ नव्हता. चमचा मी सिंकमध्ये टाकला. आमच्या घरच्या बायका आयुष्यभर वासावर आणि रंगावर स्वयंपाक करत आल्यात, त्यांचं काही बिघडलं नाही, माझंही बिघडणार नाही, असं मनाला बजावलं आणि भांडं भरलं.

"अंडंबिंडं नाही ना यात?" आईनं विचारलं.

"नाही गं," मी ओव्हनचं दार उघडत म्हटलं. तिला खाता येईल की नाही म्हणून विचारत असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

काय रंग आला होता! वर तांबूस साय, मधे मधे बुडबुडे, आणि चारही कोपरे असे करकरीत की बघूनच दात शिवशिवावेत. आता त्या कोपऱ्यांबद्दल सांगायलाच हवं. सासूबाईंच्या घरी मॅकरोनीच्या भांड्याला चार कोपरे आणि चार मानकरी. एक सासऱ्यांचा, एक मावशींचा, एक थोरल्या दिरांचा आणि एक स्वतः सासूबाईंचा. कोपऱ्यात दोन बाजूंनी भाजतं, म्हणून तिथं सगळ्यात जास्त खमंग. बाकीच्यांनी मधलं घ्यायचं आणि गप्प बसायचं. ईस्टरला तर पाहुणेही असतात, पण कोपऱ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

मी आंघोळीला गेले. बाहेर आले तोवर आईनं भांडं फॉइलनं घट्ट झाकून, टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं. मी खूश झाले. किती समजूतदार आहे आपली आई, म्हटलं. गाडीत ते गरम भांडं मी मांडीवर घेऊन बसले, मांडी भाजली तरी हलले नाही. वास सगळ्या गाडीत पसरला होता. नवरा सिग्नलला थांबला की दर वेळी मागे वळून भांड्याकडे बघायचा. आई मागच्या सीटवर माझ्या शेजारी, पर्स छातीशी धरून.

"पर्समध्ये काय आहे एवढं?" मी विचारलं.

"काही नाही. डबी आहे."

बडीशेपेची असेल म्हणून मी सोडून दिलं.

घर भरलेलं होतं. चर्चचे कपडे, टोप्या, लहान मुलं, चिकनचा वास. सासूबाईंनी आईला मिठी मारली आणि आधी दोन गोष्टी सांगितल्या, "तुमच्यासाठी चवळी वेगळी शिजवलीय, मांस नाही. आणि पालेभाजीला हात लावू नका, तिच्यात टर्की आहे." आई मला म्हणाली, "काय व्यवस्थित बाई आहे!" मी माझं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. त्या जागी ते ठेवताना मला जे वाटलं ते लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलंय.

सगळ्यांनी हातात हात धरायचे आणि मग सासरे देवाचे आभार मानतात, ही तिथली पद्धत. त्याआधी झाकणं निघतात. सासूबाईंनी बऱ्या हातानं फॉइल उचललं.

आणि थांबल्या.

एक कोपरा नव्हता. सुरीनं व्यवस्थित चौकोन कापून काढलेला, भांड्याचा तळ दिसत होता. देवाचे आभार मानायच्या आधी त्या घरात ऑलिव्हसुद्धा कोणी उचलत नाही, आणि इथं कोणीतरी मॅकरोनी फोडली होती. तीही कोपऱ्यात!

"कोणीतरी हिच्यात हात घातलाय," मावशी म्हणाल्या. एक लहान मूल हसलं, त्याला त्याच्या आईनं गप्प केलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, रागानं नाही, पण असं बघण्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला चिप्सचा चुरा आठवला. त्या सुनेची कॉलेजातली मुलं आठवली. गेलं, म्हटलं, हातातोंडाशी आलेलं गेलं. बाकीचा जन्म बर्फ वाहायचा.

मी आईकडे वळले. "आई, हे तू...?"

"मग?" आई जराही न बिचकता म्हणाली. "सणाचा स्वयंपाक, पोरीचा पहिला मान, आणि देवाला नैवेद्य न दाखवता घराबाहेर न्यायचं? असं करतं का कोणी?"

"अगं पण कापून?"

"नाही तर काय अख्खं भांडं देव्हाऱ्यापुढं नेऊ? जड किती आहे ते!"

सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते. माझा राग असा उसळला होता की मला तिथंच आईशी कडाकडा भांडायचं होतं. पण बोलणं भाग होतं. मी सासूबाईंना सांगितलं, "मॅम, माझ्या आईनं तो काढला. आमच्याकडे पहिला घास देवाचा असतो. माणसांनी खायच्या आधी त्याच्यापुढं ठेवतात. म्हणून सकाळी कोणी चवही बघितली नाही, मीसुद्धा नाही. तो कोपरा देवाला गेला."

सासूबाईंनी त्या रिकाम्या चौकोनाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "कोपराच का?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सगळ्यात चांगला तुकडा द्यायचा असतो ना. देवाला काय मधलं देऊ?"

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि सासऱ्यांनी "आमेन" म्हणून टेबलावर थाप मारली. कोणीतरी हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. माझा कोपरा देवानं घेतला असेल तर मी काही तक्रार करणार नाही."

"काय म्हणतेय?" आईनं विचारलं. मी सांगितलं. आई चपापली. "त्यांचा होता? अगं, पण देव ठेवून थोडाच घेतो!" आणि तिनं पर्स उघडली. आतून स्टीलची डबी काढली, झाकण उघडलं, आणि त्यात तो कोपरा, जसाच्या तसा, करकरीत कडेसकट, वर आमच्या खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान. तिनं ती डबी सासूबाईंपुढं दोन्ही हातांनी धरली. "प्रसाद," ती म्हणाली.

"देवानं परत दिला?" सासूबाईंनी मला विचारलं.

"तो नेहमीच परत देतो," मी म्हटलं. "मग तो सगळ्यांनी थोडा थोडा वाटून खायचा."

तेव्हा मात्र सासूबाईंना हसू आवरेना. बांधलेला हात पोटाशी धरून त्या इतक्या हसल्या की मावशींना त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग सगळ्यांनी हात धरले, सासऱ्यांनी प्रार्थना म्हटली, नेहमीपेक्षा जरा लांबच, आणि "आमेन" झाल्यावर सासूबाईंनी स्वतः त्या कोपऱ्याचे तुकडे केले. एवढासा तो कोपरा, एवढं मोठं घर! आईनं सगळ्यांना उजवा हात पुढं करायला लावलं. चर्चच्या सुटाबुटातले दीर, टोपीवाल्या मावशी, शेजारून आलेलं एक म्हातारं जोडपं, सगळे तळहात पसरून रांगेत. आई प्रत्येकाच्या हातावर मॅकरोनीचा कण ठेवत होती आणि म्हणत होती, "घ्या, घ्या." तुळशीचं पान सासऱ्यांच्या वाट्याला आलं. त्यांनी ते चावून खाल्लं आणि म्हणाले, हे पुढच्या वेळी चिकनवर टाकून बघायला हवं. त्याचं भाषांतर मी आईला केलं नाही.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथं तर शितच मिळालं होतं सगळ्यांना. मावशींनी आपला कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले, काही न बोलता मोठा चमचा उचलला आणि आपल्या कोपऱ्याबरोबर शेजारचं थोडंही काढून घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "मॅकरोनी कुणी केली?" आणि सासूबाईंच्या आधी मावशीच बोलल्या, "हिनं. आणि देवानं खाल्लीय, तेव्हा तू काय विचारतोस?"

पण सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मधला तुकडा घेतला, सावकाश खाल्ला, आईशी खाणाखुणांनी गप्पा मारल्या, गोड म्हणून रताळ्याची पाई वाढली. मी त्यांच्या तोंडाकडे बघून बघून थकले. चिकन कसं होतं मला माहीत नाही. कॉर्नब्रेड खाल्ला की नाही तेही आठवत नाही. भांडं रिकामं झालं, हे चांगलंच. पण लोकांनी खाणं वेगळं आणि सासूबाईंनी बोलणं वेगळं. "या वेळेपुरती" हे त्यांचे शब्द होते आणि ते अजून त्यांनी मागे घेतले नव्हते.

जेवणं आटोपली. मंडळी अंगणात जाऊन बसली. मी उष्टी भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई एकट्याच ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या. पुढ्यात माझं भांडं. बरा हात चमच्यावर, आणि त्या जोर लावून कडेची खरवड काढत होत्या. खरवड खायची तर उभ्यानंच, हे त्यांना कोणी शिकवलं असेल कोण जाणे. माझी चाहूल लागली तरी त्या वळल्या नाहीत. आणखी एक तुकडा सुटला, तो तोंडात गेला.

"मोहरी जास्त झालीय," त्या म्हणाल्या.

एरवी मी आईचं नाव सांगितलं असतं, चव बघू दिली नाही म्हणून कांगावा केला असता. या वेळी मी हातातली भांडी तेवढी घट्ट धरली.

"पुढच्या वेळी जरा कमी घाल," त्या म्हणाल्या आणि भांडं तिरकं करून उरलेला कोपरा खरवडायला लागल्या.

"येस मॅम," मी म्हटलं. हातातली भांडी सिंकमध्ये ठेवली, ठेवली कसली, टाकलीच, आणि मागच्या दारानं अंगणात धावले. नवरा दिरांबरोबर उभा होता. मी लांबूनच ओरडले, "मोहरी जास्त झाली!"

त्याला एक क्षण लागला. आपल्या आईला ओळखून आहे तो. "पुढच्या वेळी म्हणाली?" त्यानं विचारलं. मी मान हलवली, आणि त्यानं मला सगळ्यांसमोर उचलून गरकन फिरवलं. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, आणि दोन्ही मी थांबवलं नाही.

आई खुर्चीतून उठून लगबगीनं आली. "बाप्पा, मोहरी जास्त पडली आणि तू नाचून राहिलीस?"

"हो आई," मी म्हटलं, "पुढच्या वेळी कमी घालायची आहे."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदराच्या टोकानं माझे डोळे पुसले, आणि मग स्वतःचे.